नंबरवाला आश्रुबा

इंग्रज साहेब गेला, पण जाताना काही शब्द इथंच विसरून गेला. त्यातला 'नंबर' तर वेड्या बाभळीसारखा रुजला. आणला कुणी ते कुणाला आठवत नाही, पण आता बांधाबांधावर तोच. आमच्या बीडकडं भाजी चांगली झाली की ती 'एक नंबर', आणि चोरून दारू विकणारा 'दोन नंबरवाला'. पोरगं वर्गात वर आलं तर त्याचा नंबर आला, भरतीत निवडलं गेलं तर नंबर लागला. चष्म्याला नंबर, चपलेला नंबर, जमिनीला गट नंबर. मधला भाऊ दोन नंबरचा. पिठाच्या गिरणीत डबा ठेवला की नंबर, आणि पारावरची म्हातारी माणसं कुणाची तिरडी निघताना बघून म्हणतात, "आता आपला नंबर." एवढ्या कामांना एकच शब्द राबवून घ्यायचा म्हणजे तो घरगडीच झाला. पण नारायणगडाच्या कोरड्या अंगाला एक वाडी आहे, तिथं आश्रुबा नावाच्या माणसानं या शब्दाला घरगडी न मानता देवघरात बसवलं होतं.

त्याची आणि या शब्दाची पहिली गाठ बहात्तरच्या दुष्काळात पडली. तो तेव्हा लहान. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळातलं सरकारी कोरडं खाणं, वाटायला गाडी यायची. गाडी आली की माणसं तुटून पडत. ज्याच्या कोपरात जोर, त्याचं भांडं भरायचं. आश्रुबाची आई अंगानं काडी. ती गर्दीच्या कडेला भांडं उंच धरून उभी राहायची आणि बऱ्याचदा ते तसंच घेऊन परत यायची. मग कामावर एक नवा कारकून आला. त्यानं दोरी बांधली, सगळ्यांना एकामागं एक उभं केलं आणि ओरडला, "नंबरानं या." त्या दिवशी आईच्या भांड्यात सुकडी पडली. आश्रुबानं ती खाल्ली, आणि पोटाबरोबर डोक्यातही काहीतरी कायमचं भरलं. पुढं म्हातारा झाला तरी तो सांगायचा, "गरिबाचा वाली कोन? देव न्हाई, पुढारी न्हाई. नंबर."

पुढं तलवाड्याच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांनी शेअर घेतले, गुलाल उधळला, भाषणं झाली, पहिल्या पोत्याची पूजा झाली. सहकार म्हणजे सगळ्यांचं, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं, आणि तेव्हा ते खरंही वाटायचं. आश्रुबाला तिथं नोकरी लागली, तीही कसली, तर नंबर टेकरची. उसाच्या गाड्या आवारात शिरल्या की आधी कोण आला, मागून कोण, ते बघून प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला द्यायचा आणि त्या क्रमानं गाडी वजनाच्या काट्यावर सोडायची. ऐकायला हे काम शेंबडं पोरगंही करील असं वाटतं. पण ऊस तोडल्यापासून वाळायला लागतो, वजन घटतं, बैल उपाशी जुंपलेले असतात, थंडीत गाडीखाली माणसं कुडकुडत असतात. अशा वेळी पुढचा बिल्ला म्हणजे काय ते त्या रांगेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आश्रुबानं ते आवार देवळासारखं चालवलं. एकदा चेअरमनच्या मेहुण्याचे ट्रॅक्टर आले, हॉर्न वाजवत थेट काट्याकडं. आश्रुबा आडवा उभा राहिला.

"सायेब, नंबरानं या."

"तू मला वळखतो का बे?"

"वळखतो की. म्हून तर सायेब म्हनलो."

गाडीवान हसले, मेहुण्यानं ट्रॅक्टर मागं घेतले. त्या दिवसापासून पंचक्रोशीत तो 'नंबरवाला आश्रुबा' झाला. आडनाव लोक विसरले. त्यालाही ते नको होतं.

पण माणसाला एकदा चांगुलपणाचा नाद लागला की तो दारूच्या नादापेक्षा वाईट. आश्रुबाला नुसतं सरळ वागून भागेना, लोकांना ते दिसायलाही हवं होतं. कुणी बोट दाखवू नये म्हणून त्यानं स्वतःचा एक कायदा केला: आपल्या माणसाचा नंबर सगळ्यात शेवटी. वाडीतला कुणी आला, पाव्हणा आला, त्याला त्याच्या हक्काच्या जागेवरूनही मागं सारायचा. एका थंडीत त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ धुळाजी, गाडी घेऊन आला. त्याच्या एका बैलाच्या तोंडाला फेस येत होता. धुळाजी पाया पडला. "दाजी, माज्या नंबरावर तरी सोडा. पुढं नगं, पन मागं तरी ढकलू नका." आश्रुबानं त्याला मागं ढकललं, कारण सगळे गाडीवान बघत होते. पहाटेपर्यंत बैल आवारातच आडवा झाला. गाडीवान म्हणाले, असा माणूस होणे नाही.  धुळाजी दिवाळीला बहिणीला न्यायला यायचा, तो पुढं येईनासा झाला.

त्या बहिणीचं नाव पारूबाई. आश्रुबाची बायको. सगळा हंगाम नवरा कारखान्यावर, आणि ही इकडं वाडीत दोन एकर मुरमाड रान, एक म्हैस आणि सिदू नावाचा एकुलता एक पोरगा सांभाळत राहिली. जिभेनं तिखट, पण पोटात माया. भावाच्या बैलाची गोष्ट कळली तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. नवरा हंगाम संपवून घरी आला, त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "आदी कारखाना, मंग गाड्या, मंग गाव. माजा नंबर कवा यायचा, त्ये एकदा सांगा, म्हंजी मी तोवर म्हशीला पानी पाजून येते." आश्रुबा हसला. तिची अशी बोलणी तो कौतुकानं चारचौघांत सांगायचा. त्यात तिचं काही दुखत असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कारखाना जसा आला तसा गेला. पाऊस हटला, गोदावरीकाठचाही ऊस आटला, संचालकांत दोन तट पडले, आणि एका वर्षी बॉयलर पेटलाच नाही. फाटकाला कुलूप लागलं. सगळ्यांचं म्हणून जे उभं केलं होतं, त्याच्या आवारात आता कुणाच्याच नसलेल्या शेळ्या चरत होत्या. आश्रुबा पत्र्याची पेटी घेऊन वाडीत परतला. सिदू तोवर बायको घेऊन पुण्याकडं कंपनीत गेला होता. घरात दोघंच. पारूबाईला वाटलं, चला, आता तरी माणूस घरात राहील. ते सुख तिला एक-दोन पावसाळे मिळालं असेल नसेल. मग बारा सालचा पावसाळा कोरडा गेला.

तेराच्या उन्हाळ्यात वाडीतला शेवटचा बोअर खडखडला आणि सरकारी टँकर सुरू झाला. टँकर यायचा, आडात पाणी ओतायचा आणि निघून जायचा. मग वरून बायका-पोरं पोहरे टाकायची. पोहऱ्यावर पोहरा आपटायचा, दोर गुंतायचे, शिव्या व्हायच्या. एकदा एक पोर आत जाता जाता वाचली. दगडाबाई म्हणून शेजारची एकटी म्हातारी होती, तिच्या घरी तर आठवडाभर चूल पेटली नाही, कारण तिला पोहरा ओढवायचा नाही. शेवटी गावानंच आश्रुबाला गाठलं. "तुमी कारखाना चालवला, आमचं एवढं बघा."

आश्रुबा पुन्हा जिवंत झाला. त्यानं टँकर मारुतीच्या देवळापाशी उभा करायला लावला, पाइप हातात घेतला आणि सांगितलं की आता पाणी आडात पडणार नाही. घरटी हंडे लावायचे, एकामागं एक, येईल तसा नंबर. हंड्याला ज्याच्या-त्याच्या घरातल्या लुगड्याची चिंधी बांधायची. भांडण एका दिवसात थांबलं. दगडाबाईचा हंडा पाटलाच्या सुनेच्या हंड्याआधी भरला गेला, तेव्हा म्हातारीनं त्याच्यावरून बोटं मोडली. हे खरं काम होतं आणि ते त्यानंच केलं, हे कबूल केलंच पाहिजे.

फक्त कायदा तोच राहिला. स्वतःचा हंडा सगळ्यात शेवटी. नवा कुणी मागून आला की आश्रुबा आपला हंडा उचलून आणखी मागं नेऊन ठेवी. टँकर कधी भरून यायचा, कधी वाटेतच कुठं पाणी ओतून अर्धा यायचा. त्याच्या हंड्याची पाळी येईपर्यंत पाइपातून गढूळ पाण्याची करंगळीएवढी धार पडायची. कधी अर्धा हंडा भरे, कधी बूड ओलं होई. कधी तेही नाही. लोक म्हणायचे, "मानूस लई सरळ हाय." तो मान खाली घालून रिकामा हंडा घरी न्यायचा, पण ती खाली घातलेली मान आतून ताठ असायची.

आणि घरात पारूबाईला मुतखडा होता. आमच्या भागात तो घरोघरी आहे, बोअरचं जड पाणी पिऊन पिऊन. बीडच्या डॉक्टरनं तिला औषध दिलं आणि आश्रुबाला समोर बसवून सांगितलं होतं, "औषधापेक्षा पाणी. तांब्यामागं तांब्या प्यायला पाहिजे. एक मूत्रपिंड आधीच थकलंय, दुसरं सांभाळा." आश्रुबानं ते ध्यानात ठेवलं होतं. तो रोज विचारायचा, "पारू, पानी पिलीस का?"

"पिले की."

"माज्यासमोर पी."

मग ती तांब्या उचलायची, मान मागं टाकायची आणि वरून धार सोडल्यासारखा धरायची. आमच्याकडं तोंड न लावता वरूनच पितात, त्यामुळं बघणाऱ्याला काय दिसणार. तांब्या खाली ठेवून ती पदरानं तोंड पुसायची. आश्रुबाचं समाधान व्हायचं. घरात जे अर्धा हंडा पाणी असायचं ते त्याच्या जेवणाला आणि म्हशीला पुरायचं. म्हैस गाभण होती, तिला पारूबाई लेकीसारखी जपायची. जनावरांची चारा छावणी लांब, आणि बांधून ठेवलेल्या मुक्या जिवाला तहान सोसत नाही, माणसाला सोसते, असा तिचा हिशेब.

एका दुपारी तो देवळापासून जरा लवकर घरी आला. ती ओसरीवर बसून तांब्या वर धरून होती. बघणाऱ्याला वाटावं, पाणी पीत आहे. पण नरड्याची घाटी हलत नव्हती. आश्रुबा उंबऱ्यात थबकला. तांब्यातून काहीच पडत नव्हतं. म्हणजे आता कुणी बघत नसतानाही ती तशी बसली होती, रिकाम्या तांब्याकडं तोंड उघडून, ओल तरी जिभेला लागावी म्हणून. त्याची चाहूल लागताच तिनं सवयीनं पदरानं तोंड पुसलं.

"कावून असं करतीस?" तो म्हणाला.

"कसं?"

त्यानं नुसतं तांब्याकडं बोट केलं.  तिनंच त्याला सोडवलं. "पायाला जरा सूज हाय, बाकी मी बरी हाय. उद्या टँकर भरून येईल, मंग पिते पोटभर." आश्रुबाला ते खरं मानायचं होतं, म्हणून त्यानं मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हंडा घेऊन निघाला तेव्हा मनात पक्कं केलं होतं, आज आपला हंडा मागं न्यायचा नाही. देवळापाशी तेव्हा तुरळकच भांडी लागली होती. त्यानं हंडा दगडाबाईच्या हंड्यामागं ठेवला. जागा रीतसर त्याचीच होती, कुणाची काढून घेतलेली नव्हती. दगडाबाई पायरीवर बसली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "ठिव, बाबा. पारूचे पाय बघितलेत मी. ठिव तितंच. कुनी काय म्हनत न्हाई."

कुणी काही म्हणणार नव्हतं, ही गोष्ट खरी होती. पण तेवढ्यात चार बायका आल्या, मागून दोन पोरं आली. एकीनं त्याच्या हंड्याची चिंधी ओळखली आणि ती दुसरीकडं बघून नुसती हसली. कदाचित ती भलत्याच कशाला हसली असेल. आश्रुबाला मात्र सगळ्या आयुष्याची अब्रू त्या चिंधीला बांधल्यासारखी वाटली.  तो वाकला, हंडा उचलला आणि नेहमीसारखा पार मागं, रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवला. दगडाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "आरं," एवढंच ती म्हणाली.

टँकर त्या दिवशी अर्धाच आला.

संध्याकाळी पारूबाईला उलट्या सुरू झाल्या. लघवी आदल्या दिवसापासून बंद होती, हे तिनं सांगितलंच नव्हतं. तोंड सुजलं, श्वास लागला. जीप मिळवून बीडला नेईपर्यंत ती नवऱ्याला वेगळ्याच नावानं हाक मारायला लागली होती. डॉक्टरांनी धावपळ केली, नळ्या लावल्या, रक्त धुवायच्या मशीनवर घेतलं. कुणी हयगय केली नाही. मधे ती एकदा शुद्धीवर आली. ओठ फाटलेले. तिनं खुणेनं पाणी मागितलं. आश्रुबा तांब्या घेऊन उठला, तर नर्सनं हात धरला. "आता नाही द्यायचं, काका. आता अंगातलं पाणी निघत नाहीये, फुप्फुसात भरेल." आश्रुबा तांब्या हातात धरून खाटेशी उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या हातात भरलेला तांब्या होता. पारूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग तांब्याकडं, आणि डोळे मिटले. तिला वाटलं असेल, इथंही आपल्या आधी कुणीतरी उभं आहे.

सिदू पुण्याहून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुपारी तिला वाडीत आणलं. उन्हानं माती भाजत होती. अंगणात पाट मांडला, बायका जमल्या, आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो अंघोळीच्या पाण्याचा. आश्रुबाच्या घरात हंड्याच्या बुडाशी ओंजळभर होतं. तो त्या हंड्याकडं नुसता बघत बसला. तेव्हा दगडाबाई उठली, आपल्या घरात गेली आणि होती नव्हती ती घागर कमरेवर घेऊन आली. तिच्यामागं पाटलाची सून आली. मग एकामागं एक सगळी वाडी आली, कुणाचा हंडा, कुणाची कळशी, कुणाचं नुसतं तपेलं. बोलावणं कुणी केलं नव्हतं. अंगणात भांड्याला भांडं लागलं. त्या उन्हाळ्यात एका घरापुढं एवढं पाणी कुणी बघितलं नव्हतं.

बायकांनी तिला अंघोळ घातली. पाणी सुजलेल्या पायांवरून वाहत अंगणात आलं, मातीनं ते सुस्कारा टाकून पिऊन घेतलं आणि ओल पार गोठ्यापर्यंत गेली. म्हशीनं मान लांब करून तिथली माती चाटली. धुळाजी भाऊ माहेरचं लुगडं घेऊन आला होता. ते नेसवलं, कुंकू लावलं. मग शेवटचं पाणी पाजायची वेळ आली. आमच्याकडं घरातल्या प्रत्येकानं मयताच्या तोंडात दोन थेंब घालायचे असतात. दगडाबाईनं भरलेली वाटी पुढं केली.

आश्रुबा उठला आणि दोन पावलं मागं सरकला. "आदी धुळाजीला घालू दे," तो म्हणाला. "मंग सिदू. मंग बाकीचे. मी शेवटी घालतो."

 सिदूनं मान फिरवली. दगडाबाई वाटी घेऊन तशीच उभी होती. ती त्याच्या आईच्या वयाची, त्यामुळं तिला बोलायचा अधिकार होता, पण आवाज तिनं वाढवला नाही.

"आज तरी तिला आदी दे, आश्रुबा."

त्यानं वाटी घेतली. गुडघे टेकून बसला. अर्धं पाणी मनगटावरच गेलं. उरलेलं त्यानं तिच्या फाटलेल्या ओठांत घातलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून गालावर, गालावरून कानामागं ओघळलं. त्यानं दगडाबाईकडं वाटी धरली, तिनं पुन्हा भरली, त्यानं पुन्हा घातलं. तेही ओघळलं. तिसऱ्यांदा त्यानं वाटी टाकून शेजारचा तांब्याच उचलला.

"पी," तो म्हणत होता. "पी ना, पारू. लई पानी हाय आज."

धुळाजीनं मागून येऊन त्याचा हात धरला. तांब्या काढून घेता घेता त्यालाही रडू फुटलं.